सांध्यात गेलेली दोन अक्षरे

मराठीच्या अध्यापकाने व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरविषयी लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु लोकसाहित्याच्या अभ्यासात आता क्षेत्रीय ध्वनिचित्रमुद्रण अपरिहार्य झाले आहे, आणि मुद्रण आले की ते कॅमेऱ्यातून संगणकात आणण्याचा प्रश्नही आला. सॉफ्टवेअर या क्रियेला ‘इम्पोर्ट’ म्हणते. आपल्याकडे हे काम निव्वळ तांत्रिक समजून स्टुडिओवाल्यावर सोपवले जाते. माझ्या मते मात्र ही पाठचिकित्सेची पहिली पायरी आहे. हस्तलिखिताची नक्कल कोणी आणि कशी केली, हे विचारल्यावाचून आपण संहितेवर भाष्य करत नाही. मग येथेच ती सवय का सोडावी?

कॅमेऱ्यातली फाइल सॉफ्टवेअर स्वीकारत नाही तेव्हा पडद्यावर ठरावीक संदेश उमटतो : फाइलचा प्रकार ओळखता येत नाही किंवा फाइल खराब आहे. सगळा घोटाळा या ‘किंवा’मध्ये आहे. फाइलच्या नावाअखेरची एमओव्ही, एमपी४ अथवा एमटीएस ही अक्षरे केवळ वेष्टन सांगतात. आत चित्र आणि ध्वनी कोणत्या सांकेतिक पद्धतीने बसवले आहेत, हे कोडेकवर अवलंबून असते. पोथीचे बासन आणि पोथीची लिपी यांत जो फरक, तोच हा. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा करेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकापुढे त्या पोथ्या मुक्याच होत्या. पोथ्या खराब नव्हत्या, किल्ली नव्हती. २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी या कोडेकमध्ये अनेक मोबाइल चित्रण करतात आणि जुनी सॉफ्टवेअरे ते वाचू शकत नाहीत, तेव्हा हाच प्रकार घडतो. अशा वेळी फाइल व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्ये चालवून पाहावी. चालली, तर दोष बहुधा फाइलचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. मीडियाइन्फो हे छोटे साधन आतला कोडेक कोणता, ते सांगते. मग संपादनासाठी वेगळी रूपांतरित प्रत करावी आणि मूळ फाइल तशीच जपावी.

परंतु न उघडणारी फाइल ही त्यातल्या त्यात बरी अडचण. ती निदान तक्रार तरी करते. इम्पोर्ट विनातक्रार पार पडते आणि वाटेत काही गळून जाते, ती अडचण अधिक घातक.

आमच्या विभागाने २०१० साली बीड जिल्ह्यातल्या एका गावात जात्यावरच्या ओव्यांचे चित्रण केले. कॅमेरा एव्हीसीएचडी पद्धतीचा होता. ही पद्धत सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणली. तिच्यात कार्डावर एक फोल्डर, त्यात दुसरे, त्यात तिसरे अशी उतरंड असते. चित्रण ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरात, तर कोणता तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद शेजारच्या लहानलहान फोल्डरांत. दीर्घ चित्रण कॅमेरा एका फाइलीत ठेवत नाही; आमच्या कॅमेऱ्यात दर दोन जीबीला, म्हणजे सुमारे सोळा मिनिटांनी, नवी फाइल सुरू होई. एका फुटेज उतरवून देणाऱ्याने कार्डावरच्या मोठ्या फायली तेवढ्या घेतल्या आणि उरलेली फोल्डरे निरुपयोगी म्हणून सोडून दिली. संपादनात फायली एकापुढे एक ठेवल्या. सर्व काही सुरळीत दिसत होते.

अनेक वर्षांनी एका विद्यार्थिनीने या ओव्यांवर प्रबंधिका लिहायला घेतली. एका ओवीत भावाची वाट पाहणारी बहीण ‘गाव’ या शब्दाशी येते. त्याआधी क्षणभर शांतता. तिने लिहिले की, हा विराम अर्थपूर्ण आहे. माहेर आता नाव नसलेले एक ‘गाव’ उरले आहे, हे गाणारी त्या स्तब्धतेतून सुचवते. विवेचन सुरेख होते. पण ती स्वतःच अस्वस्थ होती. एके दिवशी मुद्रण ऐकवत म्हणाली, “सर, बाई थांबल्या असतील, पण जातं कसं थांबलं?”

खरोखरच, त्या अर्ध्या सेकंदात जात्याची घरघरही नव्हती. दगडाचे जाते असे एकाएकी थांबून पुन्हा त्याच वेगाने फिरू शकत नाही. चित्र सावकाश पाहिले तेव्हा खुंट्यावरचा हात किंचित पुढे उडाल्यासारखा दिसला. दोन फायलींचा सांधा नेमका तेथे होता.

मूळ कार्ड सुदैवाने विभागाच्या कपाटात लिफाफ्यात होते. या वेळी संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवले आणि सुट्या फायली न ओढता सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून चित्रण आत घेतले. शेजारच्या नोंदींच्या आधारे सॉफ्टवेअरने तुकडे अखंड जोडले. जाते थांबले नाही. बाईही थांबल्या नाहीत. त्यांनी स्पष्ट म्हटले होते : ‘वडगाव’.

दोन अक्षरे परत आली आणि एक पूर्ण विवेचन गळाले. विद्यार्थिनीने ते पान हसत फाडले. तिचे नवे प्रकरण ओव्यांतील ग्रामनामांवर आहे. माहेरचे नाव पुसट होत नाही, उलट ते गाणाऱ्या बायका आग्रहाने उच्चारतात, असे ती आता पुराव्यानिशी मांडते.

विरामांचा, मौनाचा, अनुच्चारिताचा अर्थ लावण्याची आपल्या समीक्षेला मोठी हौस आहे. ती गैर नाही. मात्र मौन कोणाचे, हे आधी ठरवावे लागते. गाणारीचे, की यंत्राचे? मोबाइलवर चित्रित केलेल्या मुलाखतीत फ्रेमचा वेग सतत बदलता असेल आणि सॉफ्टवेअरने तो स्थिर धरला, तर ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. अर्ध्या तासानंतरचा ‘विलंबाने आलेला उत्तराचा हुंकार’ मग वक्त्याचा राहत नाही.

म्हणून विभागांना एवढेच सुचवावेसे वाटते : कार्डाची प्रत घ्यायची तर संपूर्ण घ्यावी, कार्ड रिकामे करण्यापूर्वी फायलींचे सांधे कानांनी तपासावेत, आणि ही नक्कल कोणी, कधी, कशी केली याची ओळभर नोंद पोथीच्या पुष्पिकेसारखी सोबत ठेवावी. त्या गाणाऱ्या बाई २०१६ साली वारल्या. ‘तुम्ही तिथे काय म्हणाला होता?’ असे विचारायला आता कोणी उरलेले नाही. उरले आहे ते नखाएवढे कार्ड.