आंजीत बसून पुण्याची नोकरी

वर्ध्याहून आर्वीकडे निघालेली एसटी शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना कापूस आणि तुरीची शेते लागतात आणि अर्ध्या-पाऊण तासात आंजी (मोठी) येते. वर्ध्याचे उपनगर म्हणावे तर मध्ये शेतेच शेते. निव्वळ खेडे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. सकाळच्या गाडीने इथली माणसे वर्ध्याला कामाला, कॉलेजला, दवाखान्यात जातात आणि संध्याकाळी परततात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, त्यामुळे बाहेरगावची शिकणारी मुले-मुली गावाला नवी नाहीत.

आम्ही पुण्याहून इथे आलो ते अम्मींसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना चौथा मजला झेपेना आणि आपल्या माणसांशिवाय मनही लागेना. भाई पुण्याच्या एका कंपनीचे हिशेब पाहतात, भाभी दुसऱ्या कंपनीसाठी दिवसभर फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात. भाईंच्या कंपनीने काही विचारले नाही. भाभींना मात्र तीन महिन्यांची मुदत मिळाली: शांत जागा आणि न तुटणारे इंटरनेट जमवा, नाहीतर पुण्याला या, नाहीतर राजीनामा द्या. घरचा निम्मा खर्च त्यांच्या पगारावर चालतो. मुदत त्यांची एकट्यांची नव्हती.

घरी काम करून पाहिले. टिनाचे छत, मे महिना, दुपारची वीज गेली की पंखा आणि इंटरनेट दोन्ही बंद. त्यात घरी बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा सगळ्यांचाच समज. शेजारच्या आजी दारात बसून आमच्या अम्मींना विचारत, "दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसते तुयी सून. पगार कोन देते वं तिले?" हळूहळू डब्ब्याची कीर्ती पसरली. कोणी पीकविम्याचा अर्ज घेऊन येई, कोणी पोरीच्या शिष्यवृत्तीचा, कोणी हजचा. नाही कसे म्हणायचे? शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवलेला. पण तिकडे कानाला लावलेल्या फोनवर दिल्लीचा ग्राहक खोळंबलेला असे.

मोठ्या शहरांत यावर को-वर्किंग नावाचा उपाय आहे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या तरुणाने एकट्याने काम करणाऱ्यांसाठी सामाईक बैठकीची जागा सुरू केली, तिथून हा शब्द रुजला. आज पुण्यात अशा जागा जागोजागी आहेत आणि नागपुरातही आहेत. पण आंजीहून रोज नागपूरला जायचे तर दिवस रस्त्यातच जाणार. मग खेड्यात राहायला आलोच कशाला?

वर्ध्यात शोधता शोधता सापडली ती अभ्यासिका. विदर्भाच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही असतेच. प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक खुर्चीला नंबर, कॅमेरा, थंड पाण्याचे यंत्र, आणि पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी यांच्या तयारीत मान खाली घालून बसलेली पोरे. महिन्याची फी नागपूरच्या जागेच्या मानाने किरकोळ. आमच्या मते महाराष्ट्राचे खरे को-वर्किंग हेच आहे, फक्त त्याला कोणी तसे म्हणत नाही. भाईंचे काम तिथे चोख झाले. जोहरची वेळ झाली की खाली उतरून मशिदीत जात, परत येऊन आपल्या नंबरवर बसत. भाभींना ती जागा चालेना, कारण भिंतीवर पहिलीच पाटी होती: बोलू नका. पहिल्या दिवशी त्यांनी चौदा फोन जिन्यात उभे राहून घेतले. नमाजला जागा नाही, आणि जिन्यातून चढणारा-उतरणारा प्रत्येक जण वळून बघणार. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन सेवाग्राम आश्रमात गेलो होतो. कितीदा पाहिलेली जागा, पण या वेळी नजर वेगळ्या गोष्टींवर गेली. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. त्यांची पत्रे चुकून बुलढाण्याच्या शेगावला जात. शेवटी १९४० साली गावाचेच नाव बदलून सेवाग्राम केले. आणि बापूंच्या दफ्तरात तो टेलिफोन अजून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला, कारण देशाचे राजकारण या खेड्यातून चालत होते आणि दिल्लीला इथे बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हते. भाभी त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "यांनाही आधी लाइनच लागली!"

आपल्याकडे ही कल्पना त्याहून जुनी आहे. हजरत खदीजा (रजि.) मक्केत राहून व्यापार सांभाळत, त्यांचा माल घेऊन माणसे शामपर्यंत जात. घरापासून दूर न जाता दूरचा व्यवहार करणाऱ्या बाईचे आपण मोठ्या अभिमानाने नाव घेतो. मग घरातल्या सुनेने दार लावून चार तास फोनवर बोलले की "एवढं काय बोलते?" असे का विचारतो, हे आम्ही आमच्याच नातेवाइकांत दोन-तीनदा काढून पाहिले. उत्तर मिळाले नाही, पण विचारणे कमी झाले.

जागा शेवटी आंजीतच निघाली. ओळखीच्या एका खालांची मुले नागपूरला गेली. रस्त्याकडेची त्यांची बैठकीची खोली कुलूप लावून पडली होती. पक्के छत, आत संडास, दाराला आतून कडी. आम्ही इन्व्हर्टर बसवला, इंटरनेटची दोन वेगवेगळी कनेक्शने घेतली, कारण एक बंद पडले तर दुसरे हवे. भिंतीला जुन्या गोधड्या टांगल्या, त्याने आवाज घुमायचा थांबला. खालांनी भाडे सांगताना फार संकोच केला आणि मग ठरल्यापेक्षा दोनशे जास्त मागितले. एका कोपऱ्यात जानमाज अंथरलेली असते. खाला चार वाजता चहा आणतात आणि तेवढ्या वेळात गावची बातमीही सांगतात.

एकट्या भाभींना ते भाडे परवडत नव्हते. म्हणून आणखी दोन टेबले टाकली. एकीवर एमपीएससीची तयारी करणारी गावातलीच मुलगी बसते. तिला बोलणे चालते, कारण घरी याहून जास्त गलका. दुसऱ्या टेबलावर बी.कॉम. झालेली मुलगी दुकानदारांची जीएसटीची कामे करते. ही कामे भाईंनीच मिळवून दिली. पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आता तीच भरते, वाजवी पैसे घेऊन. गावाला आधी हे पटले नाही. फुकटचे काम अचानक पैशाचे झाले, शिवाय "परक्या घरात तिघी पोरी दिवसभर करतात काय?" ही कुजबुज. खालांनी दार उघडे ठेवायला सुरुवात केली. फोनचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊ लागला आणि ऐकणाऱ्यांना कंटाळा आला. परताव्याच्या आणि पार्सलच्या गोष्टीत कोणाला काय रस असणार? मग दार पुन्हा लागले.

भाभींच्या कंपनीने मुदत मार्चपर्यंत वाढवली आहे. त्यापुढचे अजून लेखी आलेले नाही. पुण्याचे घर आम्ही सोडले, पण सामानातली दोन खोकी न उघडता ठेवली आहेत.

चौथ्या टेबलाला जागा आहे. खरांगण्याच्या एका मुलीने विचारले होते. तिचे वडील परवा मोटारसायकलवर येऊन खोली पाहून गेले. इंटरनेट किती वेगाचे, भाडे किती, यातले त्यांनी काही विचारले नाही. किल्ली कोणाकडे असते आणि शेवटच्या गाडीपर्यंत खाला घरी असतात का, एवढेच विचारले.