तळ कुठे लागतो

सागरतळाचे सर्वांत खोल भाग महासागराच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. किनाऱ्यापासून आत निघाले की आधी समुद्रबूड जमीन लागते, साधारण २०० मीटर खोलीपर्यंतची. मग खंडान्त उतार, आणि त्याच्या पायथ्याशी चार ते सहा हजार मीटर खोलीवर सागरी मैदान. आणखी आत गेल्यास पाणी बहुधा पुन्हा उथळ होते, कारण तिथे सागरी पर्वतरांगा उभ्या असतात. सर्वांत खोल भाग, म्हणजे गर्ता, मात्र बेटांच्या माळेला किंवा एखाद्या खंडाच्या काठाला धरून, लांबच लांब आणि बाकदार अशा पसरलेल्या आढळतात. पश्चिम पॅसिफिकमधली मारियाना गर्ता सुमारे २,५५० किलोमीटर लांब आहे आणि तिची सरासरी रुंदी ७० किलोमीटरच्या आसपास भरते. पेरू-चिली गर्ता तर खुद्द खंडालाच खेटून आहे.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत गर्ता उभ्या कड्यांची काढलेली असते. आकृती वाचता यावी म्हणून उभे प्रमाण आडव्यापेक्षा कितीतरी पट ताणतात, त्याचा हा परिणाम. प्रत्यक्षात गर्तेच्या बाजूंचा उतार बऱ्याच ठिकाणी आठ ते पंधरा अंशांचा असतो. तळावर उभे राहता आले असते, तरी आपण जगातल्या सर्वांत खोल जागी आहोत हे नुसत्या उतारावरून कुणाच्या ध्यानात आले नसते. हे मोजूनच कळते. गर्तांबद्दल जे काही ठाऊक आहे त्याचा पाया खोली मोजण्याचे कसब हाच आहे, आणि हे कसब गर्तेपाशीच सर्वांत जास्त अडखळले.

दोरी आणि शिसे हे या कामाचे जुने साधन. दोरीच्या टोकाला शिशाचे वजन, वजनाच्या बुडाला खळगा आणि खळग्यात चरबी भरलेली. चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर आला की तळ लागला आणि तो कशाचा आहे हेही कळले. उथळ पाण्यात वजन टेकल्याचा झटका हाताला जाणवतो. दोन हजार वावांवर (एक वाव म्हणजे सहा फूट) तो जाणवत नाही. तेवढ्या लांबीच्या दोरीचे वजन शिशापेक्षा जास्त होते, प्रवाह तिला पोटात बाक आणतो, आणि शिसे तळावर पडून राहिले तरी दोरी जहाजावरून सुटतच राहते. १८५२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘हेरल्ड’ जहाजावर कॅप्टन डेनम यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये ७,७०६ वाव खोली नोंदवली. हे चौदा हजार मीटर होतात. पृथ्वीवर एवढा खोल समुद्र कुठेच नाही.

यावरचा उपाय हातात नव्हता, घड्याळात होता. दोरीवर ठरावीक अंतराने खुणा बांधायच्या, एक खूण पाण्यात गेल्यापासून पुढची जाईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि तो लिहीत जायचे. दोरी जितकी जास्त पाण्यात, तितका तिला पाण्याचा अडथळा जास्त. त्यामुळे हा वेळ हळूहळू, नियमाने वाढत जातो. एका खुणेला तो एकदम उडी मारतो. तिथे तळ. वहीतल्या आकड्यांच्या रांगेत ती उडी ओळखणे हे या कामातले खरे कौशल्य, आणि ते अंगी यायला चांगली नजर असलेला, न कंटाळणारा माणूस लागे. ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत ४९२ खोल मोजण्या केल्या, त्या याच पद्धतीने, अंबाडीच्या दोरीवर. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांच्या दक्षिणेला ४,४७५ वाव, म्हणजे सुमारे ८,१८४ मीटर खोली मिळाली. त्या परिसराला पुढे चॅलेंजर डीप हे नाव पडले.

त्याच काळात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दोरीच्या जागी पियानोची पोलादी तार वापरून पाहिली. तार बारीक, त्यामुळे पाण्याचा अडथळा नगण्य आणि वजन झपाट्याने खाली जाते. पण वजन टेकल्यावर तार क्षणभर जरी ढिली पडली तरी तिला पीळ बसतो, आणि पीळ बसलेली तार ओढली की तुटते. म्हणून रिळाला ब्रेक लावला आणि सुटलेल्या तारेच्या वजनानुसार तो वाढवत नेला, म्हणजे वजन टेकताच रीळ आपोआप थांबावे. अमेरिकी नौदलाच्या ‘टस्करोरा’ जहाजाने ही तार घेऊन १८७४ मध्ये कुरील बेटांजवळ ४,६५५ वाव मोजले. काही तासांचे काम असे आवाक्यात आले, पण एका मोजणीने एका बिंदूचीच खोली मिळत होती. दोन बिंदूंमध्ये काय आहे ते नकाशा काढणाऱ्याने कल्पनेने भरायचे.

ध्वनीने ही अडचण सोडवली आणि नवी उभी केली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर हिमनगाचा सुगावा लागावा म्हणून प्रतिध्वनीवर जे प्रयोग झाले, त्यांतूनच खोली मोजण्याचे यंत्र आले. जर्मन जहाज ‘मेटेओर’ने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिक आडवे-उभे कापत ६७ हजारांच्या वर मोजण्या केल्या. दोरीच्या जमान्यात ही संख्या स्वप्नातही आली नसती.

समुद्रात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. गर्तेच्या तळाशी जाऊन परत यायला त्याला चौदा सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्या वेळात जहाज कित्येक मीटर पुढे सरकलेले असते. पण खरी पंचाईत ‘साधारण’ या शब्दात आहे. पाणी गरम असेल तर ध्वनी वेगाने जातो, थंड असेल तर मंदावतो. क्षार आणि दाब वाढले की पुन्हा वेग वाढतो. उष्ण कटिबंधात पृष्ठभागावर वेग १,५४० च्या आसपास असतो, हजारेक मीटरवर तो १,४८० पर्यंत उतरतो आणि तिथून खाली दाबामुळे चढत चढत गर्तेच्या तळाशी १,६०० च्या पुढे जातो. या वेगात एक टक्क्याची चूक झाली तर अकरा हजार मीटरांवर ती ११० मीटर होते. म्हणून मोजणीच्या जागी तापमान आणि क्षारता मोजणारे सीटीडी यंत्र आधी पाण्यात सोडतात. नेहमीची सीटीडी यंत्रे सहा हजार मीटरांपर्यंतच्या दाबासाठी बांधलेली असतात. त्याखालचा वेग सूत्राने काढावा लागतो, आणि गर्तेच्या आकड्यातली अनिश्चितता बरीचशी तिथे शिरते.

दुसरी अडचण गर्तेच्या आकाराची. जुन्या यंत्राचा ध्वनी शंकूसारखा पसरत खाली जाई. शंकूचा कोन तीस अंशांचा असेल, तर अकरा किलोमीटर खोलीवर त्याचे वर्तुळ जवळजवळ सहा किलोमीटर व्यासाचे होते. गर्तेचा तळ त्याहून अरुंद असू शकतो. मग पहिला प्रतिध्वनी तळाकडून न येता जवळच्या बाजूकडून येतो, आणि कागदावर गर्ता आहे त्यापेक्षा उथळ दिसते. सर्वांत खोल जागा यंत्राच्या नजरेतून सुटण्याचा धोका सर्वांत जास्त, असा हा उलटा न्याय. सपाट सागरी मैदानावर हीच यंत्रे बिनतक्रार काम करत होती.

मल्टीबीम सोनारने हा शंकू एक-एक अंशाच्या शेकडो किरणांत वाटला. अकरा किलोमीटरवर अशा एका किरणाखाली सुमारे १९० मीटरचा तुकडा येतो, आणि जहाजाच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा एका फेरीत मोजला जातो. कौलारू घरावर एका ओळीचे कौल दुसरीवर चढवतात, तसे हे पट्टे एकमेकांवर चढवत न्यायचे असतात. पट्ट्यांच्या कडा या कामाची परीक्षा घेतात. वेगाचा आलेख शिळा असेल तर तिरपे जाणारे किरण चुकीच्या वाटेने वाकवले जातात, आणि सपाट मैदानही पडद्यावर दोन्ही कडांना वर वळलेले किंवा खाली झुकलेले दिसते. असे दिसू लागले की जाणता सर्व्हेअर तळाकडे बघत बसत नाही, नवी सीटीडी सोडायला सांगतो. जहाजाच्या डोलण्याचे माप चुकले असेल तर तळ एका बाजूला कलतो. म्हणून सुरुवातीलाच एकच ओळ दोन्ही दिशांनी चालून पाहतात: तळ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कललेला आला, तर दोष तळाचा नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही सागरतळाच्या मोजणीचे काम केले आहे. 

चॅलेंजर डीपच्या खोलीचा इतिहास या सगळ्या कसबाच्या चढउताराचा इतिहास आहे. १९५१ मध्ये ब्रिटनच्या दुसऱ्या ‘चॅलेंजर’ने तिथे प्रतिध्वनी घेतला आणि खात्रीसाठी तारेला भंगार लोखंड बांधून सोडले, ते तळाला पोहोचायला दीड तास लागला. निष्कर्ष निघाला सुमारे १०,९०० मीटर. १९५७ मध्ये सोव्हिएत जहाज ‘वित्याझ’ने ११,०३४ मीटर सांगितले. हा आकडा अजून काही पुस्तकांत छापला जातो, मात्र नंतरच्या कुणालाही तो पुन्हा मिळालेला नाही. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या खोल बुडी घेणाऱ्या यानात बसून प्रत्यक्ष तळावर टेकले, तरी खोलीचा वाद मिटला नाही; दाबावरून आधी ३७,८०० फूट निघाले आणि दुरुस्त्या केल्यावर ३५,८१४ फूट, म्हणजे १०,९१६ मीटर उरले. २०१० च्या मल्टीबीम मोजणीने १०,९९४ मीटर दिले, सोबत चाळीस मीटर अधिक-उणे धरायला सांगितले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १०,९३५ मीटर आणि सहा मीटर अधिक-उणे. यांतला सर्वांत मोठा आकडा उचलायचा मोह वर्तमानपत्रांना होतो. या कामातला माणूस आधी अधिक-उणे बघतो. ते दिलेले नसेल तर तो आकडा वापरण्याजोगा नाही.

खोली कळली तरी गर्ता का आहे हे खोलीतून कळत नाही. डच शास्त्रज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेस १९२० च्या दशकात लंबक घेऊन पाणबुडीतून हिंडले, कारण डोलत्या जहाजावर लंबक निरुपयोगी. जावा बेटाजवळच्या गर्तेवर गुरुत्व अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. म्हणजे तिथे कवच आपल्या वजनाने तरंगत नाही, काहीतरी त्याला खाली खेचून धरते आहे. जपानमध्ये कियू वादाती आणि अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांना गर्तेपासून खंडाखाली तिरपा उतरत जाणारा भूकंपांचा पट्टा सापडला. १९६० च्या दशकात जोड लागली: पर्वतरांगेपाशी जन्मलेला सागरतळ दूर सरकत थंड आणि जड होतो आणि गर्तेपाशी दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. मारियानापाशी शिरणारा पॅसिफिकचा तळ पंधरा कोटी वर्षांहून जुना आहे. जुना म्हणून जड, आणि जड म्हणून गर्ता एवढी खोल.

एवढ्यावरून गर्ता जितकी खोल तितकी ती भूकंपाच्या धोक्याची असा हिशेब मांडला तर तो चुकतो. गर्तेत किती गाळ पडतो यावरही तिची खोली ठरते. उत्तर चिलीच्या काठाला अटाकामाचे वाळवंट आहे, नद्या जवळपास नाहीत, म्हणून गर्ता रिकामी आणि आठ हजार मीटर खोल. दक्षिण चिलीत हिमनद्यांनी आणलेल्या गाळाने तीच गर्ता भरत आली आहे. हिंदी महासागरात जावाच्या दक्षिणेला सुंदा गर्ता सात हजार मीटरांच्या वर जाते, पण अंदमानच्या बाजूला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने ती बुजलेली आहे. तरीही २६ डिसेंबर २००४ चा भूकंप भूपट्टांच्या याच सीमेवर सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ १,३०० किलोमीटर फाटत गेला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला सर्वांत जवळची अशी सीमा पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यासमोर आहे. तिथेही सागरतळ खंडाखाली शिरतो, पण त्यावर गाळाचे कित्येक किलोमीटर जाड थर असल्याने प्रतिध्वनीच्या यंत्राला गर्ता दिसत नाही. ती भूकंपलहरींनी गाळाच्या आत पाहावी लागते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरची त्सुनामी आली. शहरातली काही माणसे वाहून गेली. त्या जागी नकाशावर समुद्राची खोली जेमतेम तीन हजार मीटर लिहिलेली आहे.