बर्फाकाठचं बदक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराला लागून मेंडोटा नावाचं सरोवर आहे; सुमारे ४० चौरस किलोमीटरचं. ते कधी गोठलं याची नोंद १८५०च्या दशकापासून ठेवली जाते. त्यासाठी सांगितली जाणारी जुनी कसोटी मला फार आवडते: पिकनिक पॉइंटवरून मेपल ब्लफला होडीतून बिअरचं खोकं पोचवता येईना, की सरोवर गोठलं.

डिसेंबरात मी बहिणीकडे गेले तेव्हा ते अर्धं गोठलं होतं. शेजारची उथळ तळी आधी गोठतात, मग तिथल्या पाणपक्ष्यांना मेंडोटाच्या मोकळ्या पाण्याखेरीज जागा उरत नाही. बर्फ आत सरकतो तसे पक्षी दाटीवाटीनं एकत्र येतात. भरकटलेलं समुद्री बदक शोधायचं तर हेच दिवस. भाच्याला या शोधाचं वेड आहे. त्याला हवं होतं ते बदक उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण करतं आणि समुद्रावर किंवा लेक मिशिगनसारख्या अफाट पाण्यावर हिवाळा काढतं. मिलवॉकीच्या किनाऱ्याला त्याचं नवल नाही. तिथून सव्वाशे किलोमीटर आत, मॅडिसनला, ते क्वचित येतं.

मला हवं होतं त्याचं नाव. एका जुन्या अमेरिकन निसर्गलेखकाचा लेख मी मराठीत आणत होते, आणि त्यात हे बदक ‘ओल्डस्क्वॉ’ म्हणून येतं. ‘स्क्वॉ’ हा अल्गॉन्क्वियन भाषांतला ‘बाई’ असा साधा शब्द. गोऱ्यांच्या तोंडी जाऊन त्याची मूलनिवासी स्त्रियांसाठी शिवी झाली. बदक सारखं बडबडतं, म्हणून म्हातारी आदिवासी बाई! २००० साली अमेरिकन पक्षितज्ज्ञांच्या संघटनेनं ते बदलून ‘लाँग-टेल्ड डक’ केलं. मागणी अलास्काशी संबंधित जीवशास्त्रज्ञांची होती: संवर्धनाला मूलनिवासींची साथ हवी आणि हे नाव आड येतं. समितीनं मात्र कारण दिलं ते इतर देशांतल्या इंग्रजीशी एकवाक्यतेचं. शिवी काढली, पण शिवी होती म्हणून काढली असं म्हणायचं टाळलं. समित्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

मराठीत या बदकाला नाव पडायचं कारणच नव्हतं. ‘लांबशेपटी बदक’ लिहून मोकळं होता आलं असतं, वाचकाला पत्ताही लागला नसता. पण मग त्या लेखकाचं बोलणं मी परस्पर धुऊन दिलं असतं. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? खाटीक आहे, धोबी आहे, ब्राह्मणी घार आहे. पक्ष्यांच्या यादीतही जात येऊन बसलेलीच.

उणे १२ अंशांत दुर्बिणीच्या काचेवर आपलाच श्वास गोठतो. पाण्यावरून वाफ उठत होती. बर्फाच्या कडेला हजारभर कूट खेटून बसले होते. त्यांच्या आपल्याकडच्या भाऊबंदांना मराठीत वारकरी म्हणतात, कपाळावर पांढरा टिळा असलेले. जरा अंतरावर दोन गरुड बर्फावर स्वस्थ बसलेले, यातला कोण थकतो याची वाट पाहत. आम्ही एकेक डोकं तपासत चाललो. हे काम मुद्रितशोधनासारखं आहे. नजर सरावाला भुलते आणि जे दिसायला हवं तेच बघते. त्यातून हे बदक चरताना जेवढा वेळ पाण्यावर असतं त्याच्या तिप्पट-चौपट वेळ पाण्याखाली.

तासाभरानं भाचा कुजबुजला, “मावशी, त्या गोल्डनआयच्या डावीकडे. ...गेली खाली.”

मी आकडे मोजत राहिले. वर आली तेव्हा दिसलं: पांढरा चेहरा, गालावर काळपट डाग, आखूड चोच. लांब शेपटी नव्हतीच, कारण ती मादी होती. ती शेपटी प्रौढ नराची. आणि ज्या आवाजावरून कुणाला म्हातारी बाई आठवली, ती दूरवर जाणारी हाळीही मुख्यतः नराचीच! जुन्या नावानं नराचा गलबला बाईच्या माथी मारला, नव्यानं मादीला वगळलं. अलास्काचे इन्युपियाक लोक याला ‘आहालिक’ म्हणतात, आवाजावरून. २०१२पासून हे बदक जगभरच्या ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत आहे. ते आहालिक म्हणणाऱ्यांनाच आधी जाणवलं असणार, असं मला वाटतं.

दोन दिवसांनी ते मोकळं पाणीही मिटलं. भाचा म्हणाला, पूर्वेला मिशिगनकडे गेली असेल.

लेखात मी ‘ओल्डस्क्वॉ’ तसाच ठेवला आणि खाली तळटीप दिली. संपादकांनी विचारलं, ललित लेखात तळटीप बरी दिसत नाही, नुसतं ‘बदक’ पुरेल का? पुरणार नाही, असं कळवलं आहे. टीप चार ओळींची आहे, दोनवर आणता येईल.