टोपीकराची टोपी

माझ्या हातून आजवर इंग्रजांच्या तीसएक टोप्या झाल्या असतील. त्यातली एकही डोक्यावरून काढता येत नव्हती.

हे आज मी आपणहून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी कुणी तोंडावर बोलून दाखवलं असतं, तर त्याला चांगलं सुनावलं असतं. हौशी नाटकाचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईकडे एक ठेवणीतलं उत्तर असतं, "पाचव्या रांगेतून काय दिसतं, तेवढंच बोला." आणि पाचव्या रांगेतून माझी टोपी झकास दिसायची. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर फेव्हिकॉलने चिकटवलेलं काळं व्हेल्वेट, कडेला सोनेरी लेस, तिन्ही बाजू वर वळवून आतून स्टेपलर. खर्च साठ-सत्तर रुपये, वेळ एक दुपार. चार यू-पिना लावून ती नटाच्या विगला पक्की केली, की अंक संपेपर्यंत काळजी नाही. घामाने पुठ्ठा मऊ पडायचा, एखादा कोपरा लोंबायला लागायचा, मग आतून आणखी एक पट्टी. तीन प्रयोग टिकली तर टोपीने नाव काढलं म्हणायचं. हौशी नाटकाचे तीनापेक्षा जास्त प्रयोग तरी कुठे होतात!

खऱ्या वस्तूंचा आग्रह धरणाऱ्यांची मी यथेच्छ टर उडवायची. एकदा एका शिबिरात मी म्हटलं होतं, "नाटक म्हणजे मुळात प्रेक्षकाला टोपी घालणंच. ती कशाची आहे ते त्याला कशाला सांगायचं?" लोक हसले. ते वाक्य मला इतकं आवडलं, की पुढे आणखी दोन ठिकाणी मी ते तितक्याच सहजपणे सुचल्यासारखं वापरलं.

मग पेशवाईवरचं एक नाटक आलं. काळ १७९०, स्थळ पुणे. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांची एकी जमवण्याच्या खटपटी चालल्या आहेत. कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६पासून पुण्यात तळ देऊन आहे, संगमावर त्याचं ठाणं आहे, आणि नाना फडणवीस त्याला पुरते ओळखून आहेत. त्या एकीचा करार झाला, त्या दरबाराचं मोठं तैलचित्र थॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलं. त्याची टिपणं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात राहून केली होती, पण चित्र हातून होण्याआधीच तो वारला. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आमच्या नाटकात मॅलेटचे तीन प्रवेश होते, तिन्ही नानांबरोबर. मी पुठ्ठा काढून ठेवला.

कपडेपटात माझी भाची मदतीला येते. फॅशन डिझाइन शिकलेली, त्यामुळे आमचे खटके ठरलेले. एका रविवारी ती जुन्या बाजारातून एक बायकी हॅट घेऊन आली. काळी, मऊ, रुंद कडेची, माथ्यावर उन्हाने जराशी करडी पडलेली. विकणाऱ्याने साडेतीनशे सांगितले होते, हिने दोनशेला आणली.

"मावशी, हिची आपण मॅलेटची टोपी करू या."

"दुसऱ्याची उतरलेली टोपी आणि दोनशे रुपये? माझ्याकडे पुठ्ठा आहे."

"अगं, आपल्या लोकांनी ज्यांचं नावच टोपीवरून पाडलं, त्यांची टोपी तू खोक्याची करतेस!"

हे लागलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस सगळ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटलंय, हे परीक्षेत मी लिहिलेलं. पण ते उत्तरपत्रिकेतच राहिलं. कातडीच्या रंगावरून नाही, धर्मावरून नाही, डोक्यावर काय घालतात त्यावरून आपल्या माणसांनी हे लोक ओळखले. पगडी-पागोट्यांच्या राज्यात तेच आधी नजरेत भरणार. तरीही मी हिला कबुली दिली नाही. "कर तुला काय करायचं ते, पण पहिली टोपी बिघडली तर दुसरीचे पैसे तुझे," एवढंच म्हटलं.

तिला शिलाई फारशी जमत नाही, म्हणून शेवटी टोपी माझ्याच मांडीवर आली. आतली घामपट्टी आणि बाहेरची रिबन उसवली. आत शिवलेल्या चिठ्ठीवर 'शंभर टक्के लोकर' असं होतं. ते बरंच झालं. त्या काळातल्या उंची टोप्या बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या लवीच्या असत, आणि पुढे ती लव चिकटून यावी म्हणून कारागीर तिला पाऱ्याचं क्षारद्रावण चोळत. त्यात टोपीवाल्यांचे हात कायमचे थरथरायला लागत. अमेरिकेत तर ही पद्धत थेट १९४१पर्यंत चालू होती. फार जुनी, केसाळ फेल्टची टोपी कुठे मिळाली, तर मी अजूनही हात लावणार नाही.

फेल्ट म्हणजे काय, हे मला हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं. ते विणलेलं नसतं. त्याला ताणा नाही, बाणा नाही, उभं-आडवं नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि रगडणं मिळालं, की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेलेला स्वेटर कसा आटून घट्ट होतो, तेच मुद्दाम केलेलं. काश्मिरी नमदा हाच. आजी ज्याला बुरणूस म्हणायची, तोही हाच. त्यामुळे कात्री कुठेही चालवा, धागा निघत नाही, कडेला दुमड लागत नाही. चाळीस वर्षं कापडाची उभी-आडवी बाजू बघून कात्री लावणाऱ्या माझ्यासारखीला आधी हे जरा अधर्मीच वाटलं.

साचा कुठून आणायचा? टोपी बनवणारे लाकडी ठोकळा वापरतात. मी स्वयंपाकघरातला हिंडालियमचा टोप काढला, उपडा घातला, वर घडी केलेला पंचा ठेवून माथ्याला गोलाई आणली आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधली. टोपीला टोप, असा विनोद भाचीने केला, तो मी हसण्यावारी नेला. मोदकपात्रात पाणी उकळत ठेवलं आणि वाफेवर टोपी धरली. पाच मिनिटांत घरभर भिजल्या मेंढीचा वास. ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "धनगर उतरलेत का घरात?" पण हाताखाली काय होत होतं ते सांगते. आतापर्यंत कडक असलेला माथा मऊ पडला, अगदी गरम पोळीसारखा. मधली फॅशनेबल खळी अंगठ्याने दाबून सरळ केली, टोपावर ओढून बसवली, खाली नाडी आवळली. थंड झाली तेव्हा खळी होती याची खूणही राहिली नव्हती. नटाचं डोकं साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर, टोपी सत्तावन्नची. तो दीड सेंटिमीटरही ओल्या फेल्टने मुकाट्याने दिला. पुठ्ठा दीड मिलिमीटर देत नाही.

कड अकरा सेंटिमीटर रुंद होती, म्हणून हे सगळं जमलं. पुरुषांच्या नेहमीच्या हॅटची कड सहा-सात सेंटिमीटर असते. ती वर वळवली तर टोपी न दिसता तळहाताएवढं पन्हाळं दिसतं. कुणाला करायची असेल तर बाजारात बायकांच्याच हॅट धुंडाळाव्यात.

कड ताठ राहावी म्हणून आतून चपड्याचा हात दिला. फर्निचर पॉलिशवाले स्पिरिटमध्ये विरघळवतात, तोच चपडा, पळसाबोरीवरच्या किड्याची लाख. इथे मी घाई केली. लोकर आतून अजून दमट होती, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या कडेवर पांढरे ढग उठलेले. बुरशी आली म्हणून मी टोपी फेकायलाच निघाले होते. भाचीने नुसतं स्पिरिट बोळ्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवलं आणि उन्हाच्या तिरिपेत ठेवली. ढग गेले. त्या दिवशी मी तिला चहा करून दिला, पण बोलले काही नाही.

मग तीन बाजू वर वळवल्या, खडूने खुणा केल्या, जाड दोऱ्याचे टाके माथ्याला घातले. रविवार पेठेतून आणलेला काळा गोट कडेला हाताने शिवला. मशिनच्या टाक्याने फेल्ट चेपतं, हे एक कोपरा वाया घालवून कळलं. काळ्या रिबनला चुण्या घालत गोल फूल केलं, मधोमध बटण, डाव्या बाजूला लावलं. काळा रंग ब्रिटिश राजघराण्याचा, हॅनोव्हरचा. फ्रेंचांचं फूल राज्यक्रांतीआधी पांढरं असे. टोपी तयार झाली. मी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले आणि नाट्यसंस्थेच्या ग्रुपवर टाकले. अंगठे आले, टाळ्या आल्या.

रात्री भाचीचा फोन. "मावशी, रागावू नकोस. १७९०ला तिकोनी टोपी मागे पडत चालली होती."

ती म्हणत होती ते खरं होतं. ज्या टोपीला आपण तिकोनी म्हणतो, तिला तिच्या काळात नुसतं वर वळवलेल्या कडेची टोपी म्हणत. तिकोनी हे नाव मागाहून आलं. आणि १७९०च्या आसपास तिचं पुढचं टोक बसत जाऊन पुढून-मागून दोन उभ्या पाळी, असा आकार रुळत होता. पुढे नेपोलियनच्या चित्रांत दिसतो तो त्याचाच धाकटा भाऊ. माझ्या आजवरच्या तीसही टोप्या तिकोनी, मग नाटक १७६१चं असो नाहीतर १८१८चं.

पुठ्ठ्याची असती तर मी नक्की म्हटलं असतं, पाचव्या रांगेतून कुणाला कळतंय! नवी करायची म्हणजे जुनी केरात. पण ही उसवता येत होती. सकाळी पुढचे टाके काढले, मोदकपात्र ठेवलं, वाफ दिली, टोक तळव्याने चेपून पुढची पाळ सपाट केली, मागची जरा उंच उभी केली. दीड तास. ना डोक्यात राग, ना हातात कचरा. चूक दुरुस्त करणं इतकं स्वस्त असेल, तर मी इतकी वर्षं 'चालतंय' का म्हणत आले, हा प्रश्न मला टोपी वाळत असताना पडला. उत्तर फारसं मोठं नव्हतं. माझी सामग्रीच अशी होती, की चूक कबूल करायला नवा पुठ्ठा लागायचा.

एवढ्यावरही माझं मत बदललं नव्हतं. फार तर एक चांगली वस्तू हातून झाली, असं वाटत होतं. मत बदललं ते तालमीत.

मॅलेट करणारा मुलगा बँकेत आहे, तिशीचा. टोपी डोक्यावर ठेवल्यावर त्याने आधी विचारलं, "काकू, पिना?" मी म्हटलं, "नकोत, बसतेय ना." प्रवेश सुरू झाला. तो आत आला, नानांसमोर थांबला, आणि कुणी सांगितलेलं नसताना त्याने टोपी काढून डाव्या काखेत धरली. इंग्रजी सिनेमांतून त्याच्या हातात ते कुठूनतरी आलं असणार. त्या शतकात पावडर लावलेला विग विसकटू नये म्हणून काखेत धरण्यासाठीच चपट्या टोप्या करत, हे मी वाचलेलं होतं. समोर बघितलेलं नव्हतं.

दिग्दर्शकांनी तालीम थांबवली. मला वाटलं, ओरडणार. ते म्हणाले, "परत कर. आणि नाना, तुम्ही त्याच्या उघड्या डोक्याकडे बघा."

तिथे मला लख्ख दिसलं. त्याच्या रीतीत थोरामोठ्यांसमोर, छपराखाली, टोपी उतरवणं हा मान. आपल्या रीतीत थोरांसमोर उघडं डोकं म्हणजे एक तर सुतक, नाहीतर उद्धटपणा. पगडी घातलेला कारभारी आणि समोर बोडका पाहुणा. दोघेही आपापल्या परीने अदब पाळताहेत आणि दोघांनाही समोरचा खटकतोय. लेखकाने तीन पानं संवाद लिहून जे सांगितलं होतं, ते एका हालचालीत उभं राहिलं. दिग्दर्शकांनी त्यातली दोन पानं कापली.

आणि माझे तीस इंग्रज? वीस वर्षं ते दरबारात डोक्यावर टोपी ठेवून उभे होते. स्वतःच्याच रीतीने पाहिलं तर असभ्य. कारण मी त्यांच्या टोप्या विगला पिनांनी जखडल्या होत्या. पाचव्या रांगेचा हिशेब करताना ती टोपी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला मी माणसांत धरलंच नव्हतं.

मागच्या रांगेत भाला धरून उभ्या राहणाऱ्या गोऱ्या शिपायांना मी याही नाटकात पुठ्ठ्याच्याच टोप्या दिल्या. पाचजणांसाठी पाच हॅट शोधायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते, आणि ते बिचारे हलतही नाहीत. भाचीला ते पटलेलं नाही. टोप मात्र अजून कपडेपटाच्या पेटीत आहे. त्यात आता आमटी करायची नाही, असं घरात ठरलंय.

प्रयोग झाल्यावर मी जुना अल्बम काढला. एका फोटोत आमचा एक जुना नट एल्फिन्स्टन होऊन उभा आहे. मला आठवलं, त्याने तालमीत दोनदा विचारलं होतं, "टोपी काढून बोलू का?" आणि मी विंगेतून ओरडले होते, "टोपीला हात लावायचा नाही!" आता तो निवृत्त होऊन साताऱ्याला असतो. फोन करून मी त्याला सगळं सांगितलं, तुमचं बरोबर होतं म्हणाले. त्याला तो प्रवेश आठवेना, नाटकाचं नावही आठवेना.

"पण बाई," तो म्हणाला, "त्या पिना फार टोचायच्या हो."