डाएट की साधं?

परवा चाळीसगावला घरी गेले होते. ताटात शेवभाजी, वर लालभडक तर्री... आणि माझ्या हातात डाएट कोकचा कॅन! आई म्हणाली, "तेल चालतं, साखरच तेवढी चालत नाही का गं?"

खरं सांगू? मला साधं थम्सअपच आवडतं. लहानपणी स्टेशनवर धुळ्याच्या गाडीची वाट बघताना पप्पा एक बाटली घ्यायचे, स्ट्रॉ मात्र दोन. ३०० मिलीत साधारण ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे, हा हिशोब तेव्हा कोण करत होतं!

पप्पांना मधुमेह निघाला आणि मी डाएटवर आले. ती मागे रेंगाळणारी चव अजून अंगवळणी पडलेली नाही.

पप्पांनी माझ्या कॅनमधला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "स्ट्रॉ आण. दोन."