भोंग्यावर चालणारे गाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले आणि तिथली वेळ भोंगा ठरवू लागला. लालबाग-परळच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाला घड्याळ कळण्याआधी भोंगा कळे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका गावाच्या नावाने खोली धरून राहत. रात्रपाळीचा माणूस केसांत कापसाचे तंतू घेऊन परते आणि दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर वळकटी पसरे. जेवण खानावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी.

त्या दिवसांची हळहळ बहुधा पुरुषांनीच लिहिली आहे. वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या खानावळवालीला पहाटेचा भोंगा ऐकू येई तेव्हा तिची चूल पेटून तास-दोन तास झालेले असत. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सामाईक संडासापुढची रांग आणि छातीत साठणारी कापसाची धूळही त्याच गिरणगावातली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भोंगे मात्र एकामागून एक बंद पडले. ते ऐकत वाढलेली पोरे ऐन उमेदीत नाक्यावर बसून राहिली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले घर याच पिढीचे.

मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि साधारण तेवढाच सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. जुन्या गिरणीत मोकळी जमीन असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि पब आले. बिल्डरांच्या जाहिरातींत लोअर परळ ‘अप्पर वरळी’ झाले. पाळ्यांमुळे दिवसभरात विभागून येणारी गर्दी आता सकाळच्या दोन-अडीच तासांत उतरू लागली, पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली.

गिरणगावातल्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, तर कोणीही नाही म्हणणार नाही, म्हणूही नये. दार लावून घेण्याची सोय चाळीत कधी नव्हतीच. पण ही घरे चाळकऱ्यांची. सरकारने गिरणी कामगारांसाठी ठेवलेल्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, त्यांत कामगारांच्या वारसांचेही होते. २०१६ च्या सोडतीत ज्यांचे नाव निघाले, त्यांतल्या अनेकांना घर मिळाले ते पनवेलजवळच्या कोन गावात.