घरच्या घरीं इंग्रजी शब्द

आमच्या मनीषनगरांत संध्याकाळीं फिरावयास निघालें, कीं एखाद्या तरी घरांतून ‘कॅट म्हणजे मांजर, डॉग म्हणजे कुत्रा’ असा घोष कानीं येतो. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालें. आमच्या वेळीं तें पांचवीपासून असे. प्रारंभ लौकर झाला खरा, परंतु शेंकडों शब्द पाठ असलेलें मूल इंग्रजींत पाणी मागतांना अडखळतें. हा दोष मुलाचा नव्हे, शब्द देण्याच्या रीतीचा होय.

या बाबतींत आपला अमरकोश उत्तम वाटाड्या आहे. अमरसिंहानें शब्द विषयवार वर्ग पाडून दिले आणि ते छंदोबद्ध केले. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिले. आपणही असेच घरगुती वर्ग पाडावे: आज स्वयंपाकघर, उद्यां न्हाणीघर, परवां बाजार. दिवसास पांच शब्द पुष्कळ झाले.

मात्र नुसत्या नामांनीं भाषा चालत नाहीं. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानानें १९३० सालीं ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ योजना प्रसिद्ध केली. तींत ६०० शब्द वस्तूंचे व कल्पनांचे, १५० गुणांचे, आणि अवघे १०० शब्द ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘इन’, ‘ऑन’ अशा जातीचे आहेत. वाक्याचा गाडा ओढतात ते हेच शंभर! ‘पुट द कप ऑन द टेबल’ हें वाक्य मुलानें स्वतः कप ठेवून म्हणावें; मग कपाच्या जागीं बशी, टेबलाच्या जागीं फळी घालावी. एका सांच्यांतून वीस वाक्यें निघतात.

नागपूरच्या मुलास ‘ऑरेंज’ शिकवितांना, हा शब्द आपल्या ‘नारङ्ग’ शब्दाचाच फारसी-अरबी वाटेनें युरोपांत गेलेला वंशज आहे, हेंही सांगावें. ‘शुगर’च्या मागें शर्करा आहे, ‘जिंजर’च्या मागें शृङ्गवेर. मग शब्द परका वाटत नाहीं.

एक चिंता मात्र मनांत राहते. माझ्या नातवास ‘स्पून’ येतो. पण आजीनें ‘डाव आण’ म्हटलें, तर तो पत्ते शोधूं लागतो! पळी, डाव, ओगराळें, झारा, उलथणें यांतला भेद त्याला कोण सांगणार? उद्यां आजीचें बोलणेंच त्याला दुर्बोध झालें, तर इंग्रजी येऊन काय मिळविलें? यास्तव एकत्र कुटुंबांत कामाची वांटणी करावी. वस्तु हातीं देतांना सुनबाईंनीं इंग्रजी नांव सांगावें, आजीनें मराठी. आणि मुलानें दोन्ही भाषांत एकेक वाक्य बोलल्यावांचून ती वस्तु खालीं ठेवूं नये.